पोर्तुगीज काळातील विलिस पिकअप: जुना रंग जपून नवी यंत्रणा कशी बसवावी?

मये_डिचोली

नमस्कार. आमच्या घरी १९५० च्या दशकातील एक विलिस पिकअप आहे, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली अमेरिकन बनावटीची गाडी. पोर्तुगीज राजवटीत ती डिचोली तालुक्यातील एका खाणीवर आली. पुढे खाणमालकाने नवे ट्रक घेतले तेव्हा माझ्या आजोबांनी ती विकत घेतली आणि नंतर कित्येक वर्षे ती नारळ, सुपारी आणि चवथीच्या दिवसांत माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचे) सामान वाहत राहिली. सध्या ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन हाताने फिरते, म्हणजे जाम झालेले नाही. परंतु ब्रेक, वायरिंग आणि केबिनची जमीन यांची अवस्था वाईट आहे.

माझा जीव जडला आहे तो तिच्या रंगावर. मूळचा गडद हिरवा रंग, त्यावर खाणीवर असताना ब्रशने फासलेला पिवळा, बॉनेटवर दोन्ही थर झिजून उघडे पडलेले तांबूस लोखंड, आणि दारावर खाणमालकाच्या पेढीच्या नावातील काही पुसट पोर्तुगीज अक्षरे. हे सारे जसेच्या तसे ठेवून यंत्रणा मात्र आजच्या रस्त्याला साजेशी करावी, असा विचार आहे. मयेहून चोडणच्या फेरीबोटीने पणजीला जाणे आणि क्वचित चोर्ला घाटाने बेळगावला जाऊन येणे, एवढा वापर तिने निर्धोकपणे सोसला तरी पुरे.

माझ्या मावसभावाचे म्हणणे असे की, जुने पेट्रोल इंजिन भंगारात काढावे आणि अपघातग्रस्त स्कॉर्पिओचे एमहॉक डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट बसवावे. ते योग्य आहे का? ब्रेक कोणते घ्यावेत? आणि मुख्य म्हणजे, आपल्या पावसाळ्यात हा उडालेला रंग आणि गंज आहे त्या स्थितीत रोखून धरता येतो का? नोंदणी खासगी वाहन म्हणून आहे, क्रमांक ‘जीडी’ अक्षरांचा जुनाच आहे. नूतनीकरण मात्र बरीच वर्षे राहून गेले आहे.

फोंडा_गॅरेज

आपल्या गाडीचे इंजिन हाताने फिरते हे वाचून बरे वाटले. इंजिनाचा प्रश्न शेवटी घ्यावा, ब्रेकचा आधी. कारण जी गाडी थांबत नाही तिची ताकद वाढवण्यात काही अर्थ नाही.

या पिकअपला चारही चाकांना ड्रम असतात आणि सगळ्यांना मिळून एकाच मार्गाचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबले की ब्रेक ऑइल नळ्यांत ढकलणारा भाग). एखाद्या चाकाचा सिलिंडर गळू लागला किंवा एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. चोर्ला उतरताना हे घडले तर हँडब्रेकच्या भरवशावर राहावे लागते, आणि या गाडीचा हँडब्रेक कसा असतो ते आपल्याला ठाऊक असेलच. म्हणून पहिला खर्च दोन स्वतंत्र मार्गांच्या मास्टर सिलिंडरवर, दुसरा पुढच्या दोन चाकांच्या डिस्कवर आणि तिसरा पेडलाचा जोर वाढवणाऱ्या व्हॅक्यूम बूस्टरवर करावा. पुढच्या हाऊजिंगवर (आसाच्या कवचावर) कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडनी पकडणारा भाग, धरण्यासाठी ब्रॅकेट बनवून घ्यावे लागेल. ते जाड पत्र्यातून गॅसने कापलेले नको. प्लेट लेथ आणि मिलिंगवर तयार करून, मूळ ड्रमची बॅकप्लेट ज्या बोल्टांवर बसते त्याच बोल्टांवर बसली पाहिजे.

येथे एक बारकावा आहे, जो बहुतेक ठिकाणी सुटतो. विलिसचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चासीला लागून असतो. म्हणजे तो कॅलिपरच्या पातळीला किंवा तिच्याही खाली येतो. पेडल सोडल्यावर ब्रेक ऑइल हळूहळू मागे उतरते, पॅड डिस्कपासून दूर सरकतात आणि पुढच्या वेळी पहिले पेडल पोकळ जाते. यावर उपाय म्हणजे डिस्कच्या नळीत २ पीएसआयचा शेष-दाब व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप) आणि मागच्या ड्रमच्या नळीत १० पीएसआयचा. मिस्त्री ‘हवा राहिली असेल’ म्हणून पुनःपुन्हा ब्रेक ब्लीड करत बसतात, हवा नसतेच. मागच्या नळीत दाब कमी-अधिक करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही घालावा. हौदा रिकामा असताना पिकअपची शेपटी हलकी असते आणि पहिल्या पावसात लाल माती ओली झालेल्या रस्त्यावर मागची चाके आधी लॉक होतात.

आता इंजिन. आपल्या गाडीत विलिसचे हरिकेन पेट्रोल इंजिन असावे असे धरून चालतो: चार सिलिंडर, २१९९ सीसी, सुमारे ७२ अश्वशक्ती, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. याच घराण्याचे पेट्रोल इंजिन महिंद्राने भारतात दीर्घकाळ बनवले, त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट आजही मिळतात. त्याचा टॉर्क (फिरवण्याचे बळ) साधारण १५५ न्यूटनमीटर आहे. आपल्या मावसभावांनी सुचवलेल्या एमहॉकचा २९०. म्हणजे ते इंजिन बसवायचे तर तीन गतींचा टी-९० गिअरबॉक्स गेला, पुढच्या-मागच्या आसांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस बदलला, पुढच्या हाऊजिंगवर विश्वास उरला नाही, चासीला नवे माउंट आले, रेडिएटर आणि इंटरकूलरसाठी समोरचा भाग कापला गेला, आणि ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) वायरिंग फेरीबोटीच्या खाऱ्या हवेत जपण्याचे नवे काम गळ्यात पडले. इतके सगळे केल्यावर विलिसचे फक्त दार शिल्लक राहते.

त्यापेक्षा आहे तेच इंजिन नीट बांधून घ्यावे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण धातूच्या सीट घालाव्यात, कारण हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे आणि भारतात ते पेट्रोल २००० साली बंद झाले. सहा व्होल्टची यंत्रणा असल्यास ती बारा व्होल्टची करून अल्टरनेटर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि फ्यूजपेटीसह नवी वायरिंग घ्यावी. मूळ ऑइल फिल्टरमधून थोडेच ऑइल फिरते. पूर्ण प्रवाहाचा फिल्टर बसवता आला तर बेअरिंगचे आयुष्य वाढेल. रबरी नळ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरचे किट इथेनॉल सोसणारेच हवेत. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्यात फुगते आणि भेगाळते.

गाडी पळत नाही अशी तक्रार इंजिनामुळे कमी आणि क्राऊन-पिनियनमुळे (आसातल्या दातेरी चक्रांच्या जोडीमुळे) अधिक येते. या गाड्यांचे गुणोत्तर ५.३८ असते, सोळा इंची चाकांवर ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेते आणि बोलणे ऐकू येईनासे होते. ट्रान्सफर केसच्या मागे बसणारा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) मिळाला तर तेच फेरे पाऊण पटीवर येतात. तो दुर्मीळ आहे आणि महागही आहे, पण मी असतो तर डिझेल इंजिनाचे पैसे त्यावर घातले असते.

पर्वरी_वाचक

वरील तांत्रिक सल्ल्याला कायद्याची जोड देतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. त्यानंतरच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. त्यात मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पेट्रोलच्या जागी दुसऱ्या क्षमतेचे डिझेल इंजिन घातले की इंजिन क्रमांक, इंधन, घनक्षमता आणि अश्वशक्ती असे चार रकाने एकदम चुकतात. रस्त्यावर कोणी अडवले नाही तरी अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते. याउलट ब्रेक, सीटबेल्ट, दिवे, वायरिंग यांनी नोंदणीपत्रातील कोणताही रकाना बदलत नाही.

दुसरा मार्ग व्हिंटेज नोंदणीचा आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेले खासगी वाहन त्यात बसते. आधीच नोंदणी झालेल्या वाहनाला जुना क्रमांक ठेवता येतो, म्हणजे आपली ‘जीडी’ पाटी वाचते. मात्र असे वाहन नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती यांसाठीच नेता येते. फेरीबोटीने पणजीला जाऊन बाजारहाट करायची असेल तर साधे नूतनीकरणच बरे, जे खासगी वाहनाला दर पाच वर्षांनी तपासणीसह मिळते. कोणता मार्ग घ्यायचा ते पाना हातात घेण्यापूर्वी ठरवावे.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी: नोंदणीपत्रात रंगाचाही रकाना असतो. आपल्या पुस्तिकेत हिरवा आहे की पिवळा? स्टिअरिंग डावीकडे असेल तर कलम १२० प्रमाणे चालू स्थितीतील इशारादर्शक यंत्रणाही लागते. पोर्तुगीज अमलातही गोव्यात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालत. तरीही अमेरिकेतून आलेल्या काही गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या निघतात.

वास्को_बार्जरंग

मी बार्जच्या (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटींच्या) रंगकामात आयुष्य घालवले आहे, म्हणून गंजाबद्दल सविस्तर लिहितो. परदेशातील ज्या गाड्यांची छायाचित्रे पाहून आपल्याला हा छंद लागला असेल, त्या बहुधा कोरड्या वाळवंटी हवेतल्या आहेत. तेथे पत्र्यावर आलेला तांबूस थर वर्षानुवर्षे तसाच बसून राहतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली, उरलेले महिने नदीमुखावरून खारी. मिठाचे कण पत्र्यावरील बारीक खड्ड्यांत बसले की ते हवेतील ओल स्वतःहून ओढून घेतात, आणि पाऊस नसतानाही गंज आतल्या आत चालूच राहतो. त्यामुळे गोव्यात ‘आहे तसे सोडून देणे’ हा पर्याय नाही. जे दिसते ते ठेवायचे असेल तर जे दिसत नाही ते सगळे नव्याने करावे लागते.

प्रथम पत्रा ओळखावा. पेचकसाच्या मुठीने सर्वत्र हलके ठोकत जावे. आवाज खणखणीत असेल आणि बोट फिरवल्यावर फक्त तांबडी भुकटी लागत असेल, तर तो भाग ठेवण्याजोगा आहे. आवाज बद्द आला आणि पापुद्रे सुटू लागले, तर तो कापावा. केबिनचे खालचे कोपरे, पायऱ्यांचे जोड, हौद्याचा पुढचा कोपरा आणि काचेच्या रबराखालची पट्टी या चार ठिकाणी बहुतेक वेळा कापावेच लागते. गंज खाल्लेल्या पत्र्यावर लांबी भरून वर रंगाची नक्कल करणारे कारागीर आहेत. त्यांना गाडीच्या जवळ फिरकू देऊ नये.

चासी, हाऊजिंग आणि पाटे सुटे करून ब्लास्टिंगला द्यावेत. ज्या यार्डांत बार्जचे तळ ब्लास्ट होतात तेथे हे काम चांगले होते. लोखंड जवळजवळ पांढरे होईपर्यंत, म्हणजे एसए अडीच दर्जाचे ब्लास्टिंग मागावे आणि त्याच दिवशी झिंक इपॉक्सी प्रायमर मारून घ्यावा. रात्रभर उघडे ठेवले तर सकाळी तांबूस झाक आलेली असते. बाहेरचा पातळ पत्रा मात्र ब्लास्टिंगला मुळीच देऊ नये, त्याला पोक येतात आणि आपला रंगही जातो. केबिनच्या आतून, दारांच्या पोकळीत आणि हौद्याच्या खालून हाताने घासून गंजरूपांतरक (गंजाला स्थिर थरात बदलणारे रसायन) लावावा, मग इपॉक्सी आणि पोकळ्यांत मेणाचा फवारा. दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोके मेणाने बुजू देऊ नयेत.

बाहेरच्या रंगाला कोणतेही रूपांतरक लावू नये. फॉस्फोरिक आम्लाचे गंजाला करड्या-काळ्या फॉस्फेटमध्ये बदलते आणि टॅनिक आम्लाचे त्याला निळसर काळे करते. आपल्याला हवी ती तांबूस छटा दोन्हींमुळे जाते. बाहेर फक्त गोडे पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. हे धुणे पुनःपुन्हा, अनेक दिवस करावे, कारण खड्ड्यांतले मीठ एका धुण्यात निघत नाही. पिवळ्या रंगावर ओघळलेले गंजाचे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणाने उतरतात. ते विषारी आहे, हातमोजे घालावेत आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे.

शेवटी प्रश्न उरतो वरच्या थराचा. दोन घटकांचा मॅट क्लिअर लॅकर पहिल्या वर्षी फार सुंदर दिसतो. परंतु त्याच्याखाली मीठ वा ओल राहिली असेल तर एका पावसाळ्यात त्याला फोड येतात, आणि फोड दुरुस्त करायचा तर लॅकर घासावा लागतो, लॅकरबरोबर आपली पोर्तुगीज अक्षरेही घासली जातात. अळशीच्या तेलाचा सल्ला आपल्याला बऱ्याच ठिकाणी मिळेल. ते आपल्या हवेत चिकट राहते, पिवळे पडते आणि त्यावर बुरशी धरते. शिवाय त्याने भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. माझा कौल मायक्रोक्रिस्टलाइन मेणाला आहे. पातळ हात मारावा, फडक्याने पुसून काढावा, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा नव्याने लावावा. मेहनत अधिक आहे, पण काही बिघडले तर व्हाइट स्पिरिटने पुसून पुन्हा सुरुवात करता येते.

काम दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याआधी संपवावे. त्या महिन्यांतही पहाटे दव पडते. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर गेल्याशिवाय कोणताही रंग उघडू नये. बार्जवर हा नियम मोडला की ठेकेदाराचे बिल अडते.

काणकोणकर

वरील सर्व सल्ला मोलाचा आहे, तरी माझा मतभेद नोंदवतो. झिजलेला रंग खरा असेल तोवर त्याला किंमत आहे. पण कापून जोडलेल्या नव्या पत्र्यावर आधी रेड ऑक्साइड, मग हिरवा, मग पिवळा मारून पुन्हा घासायचे आणि सत्तर वर्षांचे म्हातारपण आठवड्यात आणायचे, हे मला नाटकातल्या मिशीसारखे वाटते. केबिनचे खालचे कोपरे, जमीन आणि हौद्याचा कोपरा नवा झाल्यावर गाडीचा बराच भाग नकली जुना होणार. त्यापेक्षा सगळी गाडी मूळ हिरव्या रंगात रंगवावी, दारावरच्या अक्षरांचे छायाचित्र काढून ठेवावे आणि निर्धास्तपणे वापरावी. दर सहा महिन्यांनी मेण चोळत बसण्याइतका वेळ कोणाकडे असतो?

वास्को_बार्जरंग

काणकोणकरबाब, नकली झीज मलाही नको आहे. नव्या तुकड्यांवर घासकाम करावे असे मी लिहिलेले नाही. नवा तुकडा मूळ हिरव्याशी जुळणाऱ्या मंद छटेत साधा रंगवावा आणि तसाच दिसू द्यावा. अशा गाडीला खाणीवरही ठिगळे लागतच असत आणि ती कोणी लपवत नसे. पूर्ण रंगवण्याचा आपला मार्ग टिकाऊ आहे हे मान्य. पण तो मार्ग कधीही घेता येतो, आणि एकदा घेतला की परत फिरता येत नाही.

मये_डिचोली

सर्वांचे मनापासून आभार. पुस्तिका काढून पाहिली: रंग हिरवा, इंधन पेट्रोल, स्टिअरिंग उजवीकडेच आहे. मावसभावाला स्कॉर्पिओच्या इंजिनाचा नाद सोडायला सांगितले. तो थोडा रुसला आहे. साधे नूतनीकरण करून हरिकेनच बांधून घ्यायचे ठरवतो आहे, आणि नव्या तुकड्यांना साधा हिरवा. दोन शंका उरल्या. पिवळा हात ब्रशने मारलेला असल्यामुळे परिवहन खात्यात रंगावरून हरकत येईल का? आणि पेट्रोलची टाकी आतून गंजली आहे, ती अस्तर लावून वापरावी की नवी करावी?

पर्वरी_वाचक

तपासणीपूर्वी अर्जासोबत चारही बाजूंची छायाचित्रे जोडून निरीक्षकांना आधीच भेटावे आणि हिरवा हाच मूळ रंग असल्याचे दाखवावे. बॉनेटखालचा आणि केबिनच्या आतला हिरवा त्यासाठी उपयोगी पडेल, म्हणून आतल्या बाजूला इपॉक्सीवर हिरव्याखेरीज दुसरा रंग देऊ नये. तरी आक्षेप आलाच, तर रंगाची नोंद बदलून घेण्याचा अर्ज करता येतो.

फोंडा_गॅरेज

टाकी नवी करावी, तीही स्टेनलेस स्टीलची. इथेनॉल हवेतील ओल शोषते. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसते आणि जुन्या लोखंडी टाकीचा तळ आतून खाते. अस्तराची हमी देणारे पुष्कळ भेटतील, पण गंज पूर्ण निघाल्याशिवाय ते धरत नाही. पापुद्रे सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकले की फेरीबोटीच्या रॅम्पवर चढतानाच इंजिन बंद पडेल. जुनी टाकी मापासाठी सोबत द्यावी, तळाला निचऱ्याचा बोल्ट मागून घ्यावा आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी.